सोयाबीनच्या शिवारात सोयाबीनची ॲलर्जी: घरात अजून काय शोधू?

औसेकरीण | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहायची पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही औसा तालुक्यातले. साडेसहा एकर वावर, त्यातलं पाच सोयाबीन, बाकी तूर. यंदा सप्टेंबरच्या पावसाने खालचं वावर पाण्याखाली गेलं, वरचं तेवढं उभं आहे. आठवड्याभरात काढणी, मग रास. माझी लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. तिला सोयाबीनची ॲलर्जी आहे.

हे वाक्य गावात बोलायलाच अवघड जातं. आजेसासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे पोरीला घरचंच अन्न बाधतंय म्हण की." खरं बघाल तर सोयाबीन आमच्या घरात कुणी खातच नव्हतं, ते विकायचं पीक. सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी ज्वारी, करडई, भुईमूग असायचा. सोयाबीन मागाहून आलं आणि सगळं शिवार खाऊन बसलं. आता आम्ही ते मोंढ्यावर घालतो आणि मोंढ्यासमोरच्या दुकानातून तेच तेलाच्या पिशव्या नि वड्यांची पाकिटं होऊन घरी येतं.

ॲलर्जी कळली ती लेक साडेचार वर्षांची असताना. शेजारी डोहाळजेवण होतं, पंगतीत सोयावडीचा रस्सा. तिने दोन वड्या खाल्ल्या, तिसरी हातात होती. पंगत उठायच्या आत म्हणाली, "आई, ओठ जड झालाय." बघते तर खालचा ओठ मधमाशी डसल्यासारखा. मग मानेवर, पोटावर गांधी उठल्या, मग उलटी, मग खोकला लागला आणि आवाज बसला. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि लातूरला पळवा म्हणाले. जीपमध्ये तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. लातूरच्या दवाखान्यात मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि दहा-पंधरा मिनिटांत लेकरू डोळे उघडून "पाणी" म्हणालं. ते ॲड्रेनॅलिन होतं हे नंतर कळलं. रात्रभर ठेवून घेतलं होतं.

पुढे पुण्याला नेलं. हातावर थेंब टाकून टोचायची तपासणी झाली, रक्त झालं. सोयाबीन जोरात निघालं, शेंगदाणा मधला, हरभरा आणि मसूर किंचित. पुण्याच्या डॉक्टरांनी सोयाबीन बंद सांगितलं, बाकीचं पुढच्या भेटीत बोलू म्हणाले. ती भेट सासऱ्यांच्या ऑपरेशनात राहून गेली. मधेच इकडच्या एका डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि शेंगदाणे, सगळ्या डाळी, सगळं बंद करा म्हणाले. शेंगदाणे मी मे महिन्यापासून बंद केले. वरण मात्र बंद करू शकले नाही. तुरीच्या घरात वरण बंद केलं तर लेकराला घालू काय? म्हणून गुपचूप चालू ठेवलं. तसं तर ती वर्षाची असल्यापासून शेंगदाण्याची चटणी खात होती, कधी काही झालं नव्हतं.

आता खरा प्रश्न. घरात वडीचं पाकीट नाही. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून वाचून मला चष्मा लागायची वेळ आलीय. तेलसुद्धा करडईचं आणते, सासूबाई रोज त्याच्या भावावरून बोलतात. तरी जानेवारीपासून पाच वेळा तिला घरचंच जेवून गांधी उठल्या. कधी चपाती-भाजी, कधी भाकरी-पालेभाजी. दोनदा पोटही दुखलं. औषधाने दोन तासांत बसतं, श्वासाला काही झालं नाही. पण येतं कुठून? भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तारखा लिहिल्या आहेत, त्यांतून काहीच लागत नाही.

दुसरं, रास. घरामागेच कापलेल्या पिकाची बनीम लागते, मळणी यंत्र चालतं, दोन दिवस अंगणात धुरळाच धुरळा. गेल्या वर्षी ती तेव्हा खोकत होती, पण तेव्हा थंडीही पडली होती. माहेरी, निलंग्याला नेऊन ठेवू का? आणि शाळेत दुपारच्या आहारात सोयाबीन पुलाव असतो, त्या दिवसाचं तुम्ही कुणी काय करता?

---

तात्या_सांगोला | ६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ताई, राग मानू नका. आमच्या काळी ॲलर्जी हा शब्दच नव्हता. मातीत खेळलो, मिळेल ते खाल्लं. तुम्ही जपता म्हणून लेकरू नाजूक होतं. रोज सोयाबीनचा एक-एक दाणा द्या, सवय होईल. बाकी तुमची मर्जी.

---

वऱ्हाडी_ठेचा | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

तात्या, आमच्या वाशीमकडे पण आधी हेच म्हणत होते. माझ्या पुतण्याला दाणे भरवून पाह्यले कोणी तरी, अन् मग गाडी करून अकोल्याला नेला रात्री. तर तुमचा सल्ला तुमच्यापाशीच ठेवा. राग मानू नका.

औसेकरीणबाई, मला एकच सांगा. दळण कुठून आणता? घरी दळता की गावातल्या चक्कीवर? बाकी नंतर बोलू.

---

कंपाउंडरचा_मुलगा | ७ ऑक्टोबर, दुपारी २:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण तुमच्या लेकीला मी तपासलेलं नाही. तेव्हा हे वाचून पुण्याच्या डॉक्टरांना फोन करा, माझ्या शब्दावर काही सुरू किंवा बंद करू नका.

आधी तात्यांचं. थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायचा उपचार आहे, तो खोटा नाही. पण तो मिलिग्रॅममध्ये मोजून, महिनोन्महिने, इंजेक्शन हाताशी ठेवून तज्ज्ञ करतात. ओसरीवर बसून दाणा भरवणं म्हणजे तो उपचार नव्हे. दोन वड्यांत जिचा श्वास अडकला त्या मुलीवर तर मुळीच नको.

आता रिपोर्ट. थेंब टाकून टोचतात किंवा रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रथिनं, मोजतात, त्यातून शरीर त्या पदार्थाला "ओळखतं" एवढं कळतं. ओळख म्हणजे भांडण नव्हे. सोयाबीन, शेंगदाणा, हरभरा, मसूर सगळी एकाच शेंगकुळातली. त्यांची प्रथिनं चुलत भावंडांसारखी दिसतात, म्हणून एकाची ॲलर्जी असली की बाकीच्यांच्या रकान्यातही आकडे येतात. त्यातली बहुतेक मुलं वरण, उसळ, चटणी आरामात खातात. आकडा बघून ताटातलं काढायचं नसतं, खाल्ल्यावर काय झालं ते बघायचं. वरण तुम्ही चालू ठेवलंत ते ठीकच केलंत, गुपचूप का होईना.

शेंगदाण्याचं मात्र सोपं नाही. रोज खात होती तोवर प्रश्न नव्हता. आता पाच महिने बंद आहे आणि आकडा मधला आहे. पचणारा पदार्थ बराच काळ बंद ठेवला की कधी कधी सहनशक्ती जाते. म्हणून चटणी परत घरी सुरू करू नका. दवाखान्यात बसवून, थोडं थोडं वाढवत, डोळ्यांसमोर खायला घालतात. तसं करून घ्या.

आणि तुम्ही ज्याचं नावही काढलं नाही तेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ॲड्रेनॅलिन तुमच्या घरात आहे का? पित्ताचं इंजेक्शन गांधी नि खाज यांना पुरतं. ओठ सुजून श्वास अडकतो, आवाज बसतो, लेकरू पांढरंफटक पडतं, तेव्हा ते पुरत नाही. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ॲड्रेनॅलिन आणि तेही लगेच. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहज हाती लागत नाही. म्हणून बरेच डॉक्टर आई-वडिलांना ॲम्प्युल (औषधाची छोटी काचेची कुपी), सिरिंज आणि वजनाप्रमाणे डोस लिहिलेला कागद देतात आणि भरायला शिकवतात. पाण्याने सराव करा, संत्र्यावर टोचून बघा. तुमच्या नवऱ्यालाही यायला हवं. ॲम्प्युल उजेडात आणि उन्हात खराब होतं, गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. इंजेक्शन दिलं की लेकराला आडवं झोपवायचं, पाय वर. धाप लागली असेल तर बसू द्यायचं. उठवून चालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

राशीच्या धुरळ्याबद्दल एक खरी गोष्ट सांगतो. स्पेनमध्ये बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून असा एखादा दिवस उजाडायचा की दम्याचे रुग्ण एकदम इस्पितळांत लोटायचे. असे २६ दिवस मोजले गेले. हवा तपासली, कारखाने तपासले. शेवटी सापडलं बंदर. जहाजातून सोयाबीन उतरवून ज्या कोठारात भरत होते, त्याच्या तोंडावर गाळणीच नव्हती. वारा शहराकडे असला की सालपटांची धूळ वस्तीवर जायची. गाळण्या बसवल्या आणि साथ थांबली.

यातलं तुमच्या कामाचं असं, की त्या धुळीतली बाधणारी प्रथिनं दाण्याच्या सालीतली असतात आणि वडी खाऊन जी बाधतात ती मुख्यतः दाण्याच्या आतली. त्या लोकांपैकी बहुतेकांना सोयाबीन खाऊन काही होत नव्हतं. म्हणजे तुमच्या लेकीला खाण्याची ॲलर्जी आहे म्हणून धुरळा बाधेलच असं नाही, आणि बाधणारच नाही असंही नाही, कारण राशीत दाणेही फुटतात. गेल्या वर्षीचा खोकला थंडीचा की धुरळ्याचा हे इथून सांगता येत नाही. रात्री खोकला, धावल्यावर घरघर असं काही असेल तर छाती आधी तपासून घ्या. दमा आटोक्यात नसला की खाण्याची ॲलर्जीही जास्त जोरात उठते. दोन दिवस निलंग्याला नेलंत तर कुणाचं काय बिघडतंय? मामाच्या गावाला जायला कारण लागतं का?

---

औसेकरीण | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

डॉक्टरसाहेब, ॲड्रेनॅलिन घरात नाही. कुणी दिलंच नाही. आम्हाला सरबत दिलंय पित्ताचं, तेच पर्समध्ये घेऊन फिरते. उद्याच पुण्याला फोन करते.

वऱ्हाडीताई, दळण गावातल्या गिरणीवर. ज्वारी आणि गहू दोन्ही. आमच्या दळणात सोयाबीन नसतं हो.

---

वऱ्हाडी_ठेचा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

तुमच्या नसंल. तुमच्या आधी ज्यानं दळलं त्याच्यात?

आमच्याकडं अर्ध्या बाया गव्हात सोयाबीन टाकतात. दहा किलोला एक किलो. टीव्हीवाल्या बाईनं सांगतलं, अंगणवाडीत सांगतलं, चपाती पौष्टिक होते म्हणून. चक्कीवाला पाळू थोडाच पुसतो? आधीच्याचं पीठ पाळूत नि नळीत राह्यलेलं असते, ते तुमच्या डब्यात येते. आम्हाला हे कळायला दीड वर्ष लागलं. तोवर माझ्या जावेनं तेल बदललं, साबण बदलला, देव बदलले.

---

औसेकरीण | ९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

झोप येत नाही म्हणून लिहिते.

काल गिरणीवर गेले. गिरणीवाले काका चांगले आहेत, चिडले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मिक्स दळण? रोजची आठ-दहा तरी असतात की बाई. नवी कॉलनी झाल्यापासून वाढलीत. सोयाबीन, नाचणी, हरभरा, मेथीदाणे, काय काय घालून आणतात." एकच चक्की, त्यावर सगळं. मागचं किती राहतं विचारलं तर म्हणाले, "अर्धा किलो तर कुठं जात नाही." असे हसत सांगत होते जणू गिरणीचं कौतुकच आहे.

घरी येऊन कॅलेंडर काढलं. दळण कधी आणलं ते लिहिलेलं नव्हतं, पण गिरणीचे पैसे मी वहीत लिहिते. जुळवून बघितलं आणि आधी निराशच झाले. दळण आणलं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकदाही गांधी नाहीत. पाचही वेळा दळणाला दहा-बारा दिवस होऊन गेलेले. म्हटलं, म्हणजे गिरणी नव्हे.

मग आज दुपारी भाकरीचं पीठ काढायला डब्यात हात घातला आणि हात तसाच राहिला. डबा संपत आलेला. गिरणीत नळीतून पहिलं जे पीठ पडतं ते डब्याच्या तळाला जातं. म्हणजे आधीच्या बाईचं पीठ माझ्या डब्याच्या बुडाशी! मी वरून काढत येते, त्यामुळे दहा-बारा दिवसांनी डबा खरवडते तेव्हा ते लेकीच्या ताटात जातं. पाचपैकी चार वेळा दुसऱ्याच दिवशी नवीन दळण आणल्याची नोंद आहे. पाचव्या वेळी दोन दिवसांनी.

मला रडू आलं आणि हसूही आलं. नऊ महिने मी तेलाच्या मागे लागले होते. बुडाचं पीठ वाया जाऊ नये म्हणून चाळून घेत होते, वर तुपाचं बोट लावून मुद्दाम तिलाच खरपूस भाकरी करून देत होते.

डॉक्टरसाहेब, हे खरंच असू शकतं का? की मी उगाच जुळवतेय?

---

कंपाउंडरचा_मुलगा | १० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

अगदी असू शकतं. दहाला एक धरलं तर अर्ध्या किलो मिश्र पिठात पाऊण वाटीच्या आसपास सोयाबीनचं पीठ झालं, ते डब्याच्या तळाच्या थरात. तिला गांधी उठायला भरपूर झालं. मी इतकी वर्षं पालकांना पाकिटं वाचायला सांगतोय, गिरणीचं कधी विचारलं नव्हतं. उद्यापासून विचारणार. हे सगळं तारखांसकट पुण्याच्या डॉक्टरांना सांगा.

आणि तेलाची गोष्ट राहिली. कारखान्यात शुद्ध केलेल्या रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं. तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर सासूबाईंशी तह करता येईल. कच्च्या घाणीचं सोयाबीन तेल असेल तर नाही. आणि ज्या कढईत सोया चाप किंवा वड्या तळल्यात त्या कढईतली भजीसुद्धा नाहीत.

---

राइनकाठी | ११ ऑक्टोबर, मध्यरात्री १:३०

मी मूळची चिपळूणची, नऊ वर्षं जर्मनीत. माझी गोष्ट तुमच्यापेक्षा अगदी वेगळी, पण कुणा मोठ्या माणसाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

कोकणात असेपर्यंत मला कशाचीही ॲलर्जी नव्हती. इकडे तिसऱ्या वसंतात डोळे-नाक वाहायला लागलं. इथे बर्च नावाचं झाड आहे, पांढऱ्या सालीचं, एप्रिलच्या आसपास त्याचे पराग हवेत असतात. पुढच्या वर्षी सफरचंद खाल्लं की घसा खाजायला लागला. मग एकदा व्यायाम करून आले आणि सोयाप्रथिनाची पावडर पाण्यात घालून प्याले. पाच मिनिटांत घसा आतून सुजला. टोफू, सोया सॉस आधी कितीतरी वेळा खाल्लेलं, म्हणून सोयाबीनवर संशयच आला नाही. नेहमीची सोयाबीनची टोचणीसुद्धा साफ आली. मग एका डॉक्टरीणबाईंनी सुटं प्रथिन तपासायला लावलं, त्याला ग्लाय एम ४ म्हणतात. ते बर्चच्या परागातल्या प्रथिनासारखं दिसतं. म्हणजे माझं भांडण झाडाशी, मार बसला सोयाबीनला. जास्त शिजवलेल्या, आंबवलेल्या पदार्थात ते मोडतं, दूध आणि पावडरीत टिकतं, शिवाय तिथे एका घोटात पुष्कळ पोटात जातं.

इथे एक सुख आहे. युरोपच्या कायद्याने १४ ॲलर्जीकारक पदार्थ यादीत वेगळे उठून दिसावे लागतात, बहुतेक ठिकाणी ठळक छापलेले असतात. हॉटेलात, बेकरीतही विचारलं की सांगावं लागतं. पुण्याला आले की आईकडच्या बिस्किटांवर बघते, आता तिथेही यादीच्या खाली सोयाचा उल्लेख असतो. पण बेकरीतल्या सुट्या खारीवर काय वाचणार?

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:००

काहीच नाही वाचणार. म्हणून आम्ही सुटी खारी, सुटा पाव बंदच केला. पावाच्या पिठात सोयाबीनचं पीठ घालतात कुठं कुठं, मऊ राहते म्हणून. चायनीजच्या गाडीवर तर उभंही राहायचं नाही, त्या कढईतला काळा सॉस कशाकशाला लागते देव जाणे. शाळेत मल्टिग्रेनची पोळी डब्यात आणणारी मैत्रीण असते, डबे बदलून खातात पोरं, ते पाहा. पाकिटावर ३२२ नंबर दिसला की आमचा पुतण्या आधी घाबरायचा, ते सोयाचं लेसिथिन असते बहुतेकदा. त्याला डॉक्टरनं चालते म्हणून सांगतलं, तुमचे काय म्हणतात ते विचारा.

अन् आपल्या इकडं कायदा आहे बरं का. २०२० च्या लेबलच्या नियमात सोयाबीन आहे, पाकीटबंद मालावर लिहावंच लागते. चक्कीच्या डब्यावर कोण लिहिणार, तो भाग अलग.

---

औसेकरीण | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

सगळ्यांनी विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते. दिवाळीत सवडच नव्हती.

दळणाचं आधी. गिरणीवाले काका म्हणाले, सकाळी पहिल्या नंबरला या, दोन किलो तुमचंच धान्य रेटून बाजूला काढतो, मग दळतो. एकदा तसं केलं. पण ते बाजूला काढलेलं पीठ सासूबाईंनी प्रेमाने परत डब्यात ओतलं, म्हणाल्या दोन किलो गहू काय फुकट येतो? त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही मला. नवऱ्याने मग बोलणंच संपवलं आणि लातूरहून घरघंटी आणली, साडेसतरा हजारांची. मोंढ्यात आमचं सोयाबीन क्विंटलला ४,१०० ने गेलं, २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता तो कागदावरच. म्हणजे हिशेबाने सव्वाचार क्विंटल सोयाबीन घालून सोयाबीनपासून सुटका विकत आणली. आता आजेसासूबाई तिच्यासमोर पाट मांडून बसतात आणि पीठ किती बारीक येतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. महिना होत आला, गांधी उठलेल्या नाहीत. एक डबा बुडापर्यंत संपवला तरी नाहीत. पण मी अजून मोजतेय.

ॲड्रेनॅलिन आणलं. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर आमची चांगली हजेरी घेतली आणि लातूरला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोन ॲम्प्युल, सिरिंज, डोसाचा कागद दिला आणि आमच्याकडून सहा वेळा भरून घेतलं. माझा हात थरथरत होता, नवऱ्याचा नाही. बैलांना सुया देऊन देऊन त्याचा हात बसलेला आहे, पण तो आडवी सुई धरायला गेला तेव्हा डॉक्टर ओरडले. एक संच घरात, माठाजवळच्या कोनाड्यात, डब्यात घालून. एक शाळेत. छातीही तपासली, दमा नाही. बिस्किटातलं ३२२ चालेल म्हणाले, ती खातच होती. तेलही चालेल म्हणाले. सासूबाईंनी ते वाक्य मला फोन स्पीकरवर टाकून दोनदा ऐकवायला लावलं.

शाळेचं वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. स्वयंपाकाच्या मावशी माझ्या चुलत नणंदेच्या जाऊबाई निघाल्या. सोयाबीन पुलावाच्या दिवशी त्या आदल्या दिवशी निरोप देतात, मी खिचडीचा डबा देते आणि ती सगळ्यांबरोबरच पंगतीत बसते, फक्त भिंतीकडच्या टोकाला. मॅडमनी वर्गात सांगितलं की हिला कुणी डब्यातलं द्यायचं नाही. त्यावर एका पोराने विचारलं म्हणे, "मग हिच्या डब्यातलं आम्ही खाल्लं तर चालतं का?"

रास झाली. मी तिला निलंग्याला सोडून आले. तिसऱ्या दिवशी आणलं, अंगण धुऊन घेतलं होतं, भुसकट वावरातच ठेवलं. घरात शिरायच्या आधी सगळे राशीचे कपडे गोठ्यात काढतात आता, सालगडी हसतो. तिला काही झालं नाही. पण ती रुसली होती. दरवर्षी राशीच्या ढिगावर बसून आजोबांबरोबर फोटो काढायची, यंदा ढीग बघायलाही मिळाला नाही. पोत्यांवर बसवून काढला एक, लांबून. पोती शिवलेली होती, तरी माझा जीव वर-खाली.

पुण्याला एकदा विचारलं की ही मोठी होईल तसं जातं का. जाण्याची शक्यता बरीच आहे म्हणाले, दर वर्षी तपासू. डॉक्टरसाहेब, तुमचं काय मत?

आणि शेंगदाण्याच्या तपासणीची तारीख मिळाली आहे, डिसेंबरात. सकाळी उपाशी आणा आणि पाच-सहा तास थांबायची तयारी ठेवा म्हणाले. शेंगदाणे आपण न्यायचे की त्यांच्याकडेच असतात? विचारायचं राहिलं. कुणी केलंय का?

---

कंपाउंडरचा_मुलगा | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

जाण्याची शक्यता चांगली आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १३३ मुलांवर लक्ष ठेवून २०१० साली लिहिलं होतं: सहाव्या वर्षापर्यंत ४५ टक्के, दहाव्यापर्यंत ६९ टक्के मुलांची सोयाबीनची ॲलर्जी गेलेली. ज्यांचा रक्तातला आकडा सुरुवातीला फार मोठा, त्यांची उशिरा जाते. पण गेली की नाही हे दवाखान्यातच बघायचं, लग्नाच्या पंगतीत नाही.

तपासणीच्या आधी पित्ताचं सरबत किती दिवस बंद ठेवायचं ते विचारून घ्या, नाहीतर तारीख वाया जाते. आणि त्या दिवशी सर्दी-ताप असेल तर फोन करून पुढे ढकला.

---

वऱ्हाडी_ठेचा | ९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

आम्हाला घरचे शेंगदाणे आणायला सांगतलं होतं. भाजून, सालं काढून, बारीक कुटून, मीठ-तिखट काही न घालता. तुम्ही फोन करून विचारा, पण घेऊन जाच. अन् कुटाल ते स्वच्छ धुतलेल्या खलबत्त्यात, घरघंटीत नको, तिच्यात तिचं रोजचं पीठ असते. सोबत खेळणं न्या, पाच तास लई लांब जातात. आमच्या पुतण्यानं दवाखान्यातल्या मासोळीच्या पेटीसमोर बसून काढले.